अंगठ्यानं काढलेली पहाट

मित्रांनो, एक प्रश्न विचारू? खरं खरं उत्तर द्यायचं हं! तुम्ही कधी अंधारात चित्र काढलंय?

हसू नका. अंधारात चित्र कसं काढणार, असंच वाटलं ना तुम्हाला? कागद दिसत नाही. रंगपेटीतला निळा कुठला आणि जांभळा कुठला, ते कळत नाही. मग दिवा लावावा का? थांबा. दिवा लावल्यावर काय होतं, ते तुम्ही आज रात्री स्वतःच करून पाहा. खोलीतला दिवा बंद करून खिडकीशी उभे राहा. थोड्या वेळानं बाहेरचं झाड, समोरच्या घराची गच्ची, आकाशाची कडा असं सगळं हळूहळू दिसायला लागेल. आता दिवा लावा आणि खिडकीच्या काचेत बघा. काय दिसतं? तुमचं स्वतःचंच तोंड! बाहेरचं सगळं गायब.

आता समजा, ही अडचण एखाद्या चित्रकारापुढे आली. त्याला सूर्य उगवण्याआधीचं आकाश रंगवायचंय. ते बघायचं तर खोलीत अंधार हवा आणि रंगवायचं तर उजेड हवा. दोन्ही एकाच वेळी कसं जमणार?

इंग्लंडमधल्या एका चित्रकार आजोबांनी ही अडचण सोडवली, तीही सत्तरी ओलांडल्यावर. आणि कशानं सोडवली, माहीत आहे? जी वस्तू तुमच्या हातात दिसली की घरात आरडाओरडा होतो, त्या मोबाइल फोननं!

खिडकी पूर्वेकडची

या आजोबांचं नाव डेव्हिड हॉकनी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशर भागात, ब्रिडलिंग्टन नावाचं एक गाव आहे. समुद्राकाठच्या या गावात हॉकनी तेव्हा राहत होते. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेकडे उघडणारी. हा भाग उत्तरेकडे असल्यामुळे जूनमध्ये तिथे सूर्य साडेचारच्या सुमारालाच उगवतो. आपल्याकडे तेव्हा कोंबडासुद्धा कूस बदलून पुन्हा झोपत असेल!

२००९ सालच्या उन्हाळ्यात हॉकनी पहाटे जागे होत. दिवा लावत नसत. पलंगावरून उठतही नसत. उशाशी ठेवलेला आयफोन घेत आणि ‘ब्रशेस’ नावाचं चित्रकलेचं ॲप उघडत. या ॲपमध्ये रंग निवडता येतो. कुंचला किती जाड हवा, रंग दाट हवा की पातळ, तेही ठरवता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोनच्या पडद्याला स्वतःचा उजेड असतो. त्यामुळे काळोखातही हातातला रंग अगदी स्पष्ट दिसतो आणि खिडकीबाहेरची पहाटही जागच्या जागी राहते. ना मिणमिणता दिवा, ना पाण्याचा पेला, ना रंगानं माखलेली चादर.

कुंचला म्हणून ते काय वापरत? स्वतःचा अंगठा! फोन हातात धरून अंगठ्याच्या कडेनं ते रंग ओढत. जांभळट राखाडी आकाश, खाली समुद्राचा पट्टा, मग एक केशरी रेघ. चित्र झालं की ते मित्रांच्या फोनवर पाठवून द्यायचं. मित्र उठून डोळे चोळत फोन बघायचे, तेव्हा त्यात त्याच दिवशीची ताजी पहाट असायची. कधी पहाटेच्या ऐवजी खिडकीतल्या फुलदाणीतली फुलं असायची. ही फुलं सुकणारी नव्हती आणि कितीही मित्रांना दिली तरी कमी होणारी नव्हती.

वाचायला छान वाटतं. पण तुमच्या मनात एक शंका आली असेल. तुमच्यापैकी कुणीतरी फोनवर चित्र काढून घरी दाखवलं असेल आणि उत्तर मिळालं असेल, “हे काय, हे तर फोननंच काढलं! कागदावर काढून दाखव.” मग हॉकनींची पहाट तरी कुणी काढली? हॉकनींनी की फोननं? या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. त्यासाठी या आजोबांची आणखी थोडी ओळख करून घ्यायला हवी.

दोन सेकंदांचं पाणी, दोन आठवड्यांचं चित्र

हॉकनींचा जन्म ९ जुलै १९३७ चा, यॉर्कशरमधल्याच ब्रॅडफर्ड शहरातला. सोळाव्या वर्षी ते तिथल्या कलाशाळेत दाखल झाले आणि चार वर्षं त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत रेखाटनाचा सराव केला. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिक्षण झालं. १९६४ मध्ये ते अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या लख्ख उन्हाच्या आणि पोहण्याच्या तलावांच्या प्रेमातच पडले.

१९६७ मधलं त्यांचं ‘अ बिगर स्प्लॅश’ हे चित्र जगप्रसिद्ध आहे. निळं आकाश, निळा तलाव, पिवळी फळी. फळीवरून कुणीतरी नुकतीच उडी मारली आहे. माणूस दिसत नाही, फक्त उडालेलं पाणी दिसतं. खरं पाणी असं उडून खाली पडायला जेमतेम दोन सेकंद लागतात. पण तेवढं उडालेलं पाणी रंगवायला हॉकनींना जवळजवळ दोन आठवडे लागले! बारीक कुंचल्यांनी एकेक फटकारा देत त्यांनी ते रंगवलं.

हे लक्षात ठेवा बरं का. जे क्षणात निघून जातं ते पकडायचं, ही या माणसाची जुनीच आवड आहे. फोन हातात आला तो खूप नंतर.

नवं यंत्र दिसलं की...

हॉकनींची दुसरी सवय म्हणजे नवं यंत्र दिसलं की ‘यानं चित्र काढता येईल का?’ हे विचारायचं. काही लोक नवीन यंत्र आलं की घाबरतात आणि काही त्यावर लट्टू होतात. हॉकनी या दोन्हींपैकी काहीच करत नसत. ते यंत्राची परीक्षा घेत.

१९८२ मध्ये त्यांनी पोलरॉइड कॅमेरा घेतला. हा कॅमेरा फोटो काढला की लगेच कागदावर छापून बाहेर देई. हॉकनी एकाच खोलीचे, एकाच माणसाचे बाजूबाजूनं कितीतरी फोटो काढत आणि ते शेजारी शेजारी लावून एकच मोठं चित्र तयार करत.

मग आला फॅक्स. तुम्ही फॅक्सचं यंत्र कदाचित पाहिलंही नसेल, आईबाबांना विचारा. एका गावात यंत्रात कागद घातला की टेलिफोनच्या तारेवरून त्याची काळी-पांढरी नक्कल दुसऱ्या गावच्या यंत्रातून बाहेर यायची. ऑफिसातली पत्रं पाठवण्यासाठी ते असे. १९८९ मध्ये हॉकनींनी लॉस एंजेलिसहून इंग्लंडमधल्या एका कलादालनाला १४४ कागद फॅक्सनं पाठवले. तिथे लोकांच्या समोर ते एकेक करून भिंतीवर लावले गेले आणि त्यातून टेनिसचं एक प्रचंड चित्र उभं राहिलं!

संगणकावरही त्यांनी १९८० च्या दशकातच हात चालवून पाहिला होता. पण त्या वेळी चांगली यंत्रं भलतीच महाग होती आणि साधे संगणक फार मंद होते. चित्रकाराची रेघ झरझर पुढे जायची आणि पडद्यावरची रेघ मागून रखडत यायची. चित्र काढताना हात अडखळला की मनही अडखळतं. म्हणून हॉकनींनी ते बाजूला ठेवलं. म्हणजे बघा, नवं आहे म्हणून चांगलं, असं त्यांनी मानलं नाही.

२००७ मध्ये मात्र संगणकानं त्यांना मोठी मदत केली. यॉर्कशरमधल्या वॉर्टर गावाजवळच्या झाडांचं एक चित्र त्यांना काढायचं होतं. किती मोठं? तब्बल ५० कॅनव्हास एकत्र जोडून, सुमारे ४० फूट रुंद आणि १५ फूट उंच! एवढं चित्र एकदम मांडायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. चित्र काढताना चित्रकार मधूनमधून चार पावलं मागे जातो, डोळे बारीक करून बघतो. इथे मागे जायला जागा कुठे? मग प्रत्येक कॅनव्हासचा फोटो काढायचा, संगणकाच्या पडद्यावर सगळे फोटो जोडायचे आणि ‘मागे जाऊन’ पाहायचं, असं त्यांनी केलं. रंगवलं सगळं तैलरंगांनी आणि हातानंच. संगणकानं फक्त ती चार पावलं मागे जाण्याची सोय केली.

खिशात मावणारी चित्रशाळा

२०१० मध्ये आयपॅड बाजारात आला आणि हॉकनींनी तो लगेच घेतला. फोनपेक्षा पडदा मोठा, म्हणजे हाताला मोकळं फिरायला जागा. एक गंमत सांगू? हॉकनींच्या कोटांना आत एक मोठा खिसा असे. चित्रवही ठेवता यावी म्हणून तो मुद्दाम शिवून घेतलेला असायचा. आयपॅड त्या खिशात बरोबर मावला! चित्रवहीची जागा रंगपेटीसकट चित्रवहीनं घेतली म्हणा ना.

आता या ॲपमुळे चित्रकाराला नेमकं काय मिळतं, ते पाहू. जलरंगात एक रंग वाळेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर दुसरा त्यात मिसळून चिखल होतो. तैलरंगाला तर वाळायला कित्येक दिवस लागतात. ॲपमध्ये रंग ओला नसतोच, त्यामुळे वेग मिळतो. चित्राचे वेगवेगळे थर करता येतात. खालच्या थरावर आकाश, वरच्या थरावर फांद्या. फांदी चुकली तर आकाशाला धक्का न लावता फक्त फांदी पुसता येते. आणि चित्र पूर्ण झाल्यावर ते पहिल्या रेघेपासून पुन्हा ‘चालवून’ बघता येतं. आपण सुरुवात कुठून केली, कुठे अडलो, काय पुसलं, ते सगळं डोळ्यांपुढे येतं. पाब्लो पिकासो चित्र कसं काढतो ते दाखवण्यासाठी १९५६ मध्ये फ्रान्समध्ये एक अख्खा चित्रपट काढावा लागला होता. इथे ते काम बोटाच्या एका टिचकीवर होतं.

मग उणं काहीच नाही का? आहे ना! काच गुळगुळीत असते. कागदावर पेन्सिल थोडी खरखरते, कॅनव्हासवर कुंचला थोडा अडतो आणि त्या अडण्यातून हाताला कळतं की रेघ कशी चालली आहे. काच हाताला असं काही सांगत नाही. शिवाय पडद्यावर चमकणारा रंग कागदावर छापला की वेगळा दिसतो. छोट्या पडद्यावर झकास वाटणारी रेघ मोठ्या कागदावर छापली की पोकळ वाटू शकते. म्हणून चित्र शेवटी कुठे दिसणार आहे, याचा विचार आधीच करावा लागतो. ऑक्टोबर २०१० मध्ये पॅरिसमध्ये हॉकनींच्या फोन आणि आयपॅडवरच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांनी ती छापली नाहीत. भिंतीवर फोन आणि आयपॅडच लावले. पडद्यासाठी काढलेली चित्रं पडद्यावरच दाखवली!

चुकला तर वर्षभर थांबा

आता खरी परीक्षा ऐका. ब्रिडलिंग्टनजवळ वोल्डगेट नावाचा एक जुना रस्ता आहे. दोन्ही बाजूंना झाडं, शेतं, कुंपणं. हिवाळ्यात तिथे सगळी झाडं निष्पर्ण असतात. मग हळूहळू वसंत येतो. पण तो एका दिवसात येत नाही आणि आला की थांबतही नाही. आज कळी दिसली, परवा पान दिसतं. मे महिन्यात तिथल्या हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणांवर पांढऱ्या फुलांचा पाऊस पडल्यासारखा दिसतो. तो बहर फार तर दोन-एक आठवड्यांचा. तो चुकला की पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं. वसंताला ‘जरा थांब, माझा रंग अजून वाळायचाय’ असं सांगता येत नाही ना!

२०११ च्या जानेवारीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत हॉकनींनी या रस्त्याचा वसंत आयपॅडवर टिपला. थंडीत गाडीत बसूनसुद्धा हे काम करता येई. बर्फ, धुकं, चिखलातली डबकी, पहिली पालवी, गर्द हिरवाई, सगळं तारीखवार. पुन्हा पुन्हा तोच रस्ता. तुम्हाला वाटेल, कंटाळा नाही आला? पण तो रस्ता रोज वेगळा असायचा. कंटाळा न बघणाऱ्याला येतो, बघणाऱ्याला नाही.

त्यातली ५१ चित्रं मोठ्या कागदांवर छापली गेली. आणि त्यांच्या जोडीला एक प्रचंड तैलचित्र, ३२ कॅनव्हास जोडून केलेलं. जानेवारी २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत हे सगळं मिळून ५२ भागांचं एकच काम म्हणून लोकांपुढे आलं. पाहा, आयपॅड आला म्हणून कुंचला अडगळीत गेला नाही. जिथे वेग हवा तिथे आयपॅड, जिथे भव्यता आणि रंगाचं वजन हवं तिथे कॅनव्हास. दोघांनी एकमेकांचं काम हलकं केलं.

पुढे २०१८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या प्राचीन चर्चमध्ये राणी एलिझाबेथ दुसरी हिच्या कारकिर्दीच्या गौरवार्थ रंगीत काचांची एक भली मोठी खिडकी बसली. तिचं चित्र हॉकनींनी आयपॅडवर केलं होतं. त्यावर काय असेल, ओळखा पाहू? यॉर्कशरचा तोच हॉथॉर्नचा बहर! आणि विचार करा, आयपॅड आणि रंगीत खिडकी या दोघांत एक नातं आहे. दोन्हींमध्ये उजेड मागून येतो. मात्र काच कापणं, रंगवणं, शिशाच्या पट्ट्यांत बसवणं हे सगळं यॉर्क शहरातल्या कुशल कारागिरांनी हातांनी केलं. तिथे ॲपचं काम संपलं होतं.

२०२० चा वसंत तर तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. करोनामुळे सगळं जग घरात बंद झालं होतं. हॉकनी तेव्हा फ्रान्समधल्या नॉर्मंडी भागात राहत होते. त्यांनी घराभोवतीची झाडं, तळं आणि फुलं आयपॅडवर काढायला घेतली. मार्चमध्ये त्यांनी डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांचं एक चित्र लोकांसाठी प्रसिद्ध केलं. वसंत ऋतू कुणाला रद्द करता येत नाही, हे विसरू नका, अशा अर्थाचं नाव त्याला दिलं होतं. शाळा रद्द, प्रवास रद्द, लग्नं रद्द, अशा त्या दिवसांत हे वाचून कितीतरी लोकांना धीर आला असेल! त्या वसंतातली ११६ चित्रं २०२१ मध्ये लंडनला प्रदर्शनात मांडली गेली.

मग चित्र कुणी काढलं?

चला, आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. पण त्याआधी एक छोटीशी जुनी गोष्ट. पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. टाचणीनं भोक पाडायचं, रंग पिळायचा आणि भोक बुजवायचं. रंग लवकर सुकायचे, पिशव्या फुटायच्या. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं झाकण लावता येणारी धातूची ट्यूब शोधून काढली. तुमच्या रंगपेटीतल्या ट्यूबची ती पणजीच! या ट्यूबा पेटीत टाकून चित्रकार सहज शेतात, नदीकाठी जाऊ लागले आणि उघड्यावर बसून उन्हाचे रंग बघून रंगवू लागले. ट्यूबनं चित्रं काढली नाहीत. तिनं चित्रकाराला बाहेर नेलं.

फोननंही तेच केलं. हॉकनींना त्यानं अंधारातली पहाट गाठून दिली. पण खिडकी उघडी ठेवून पहाटे जागं कोण झालं? आकाश नुसतं काळं नाही, त्यात जांभळा आहे, हे कुणाला दिसलं? आणि अंगठा कुठे थांबवायचा, हे कुणी ठरवलं? त्या अंगठ्यामागे पन्नासहून जास्त वर्षांचा सराव होता. ॲप विकत मिळतं, सराव मिळत नाही.

हल्ली शब्द लिहिले की आपोआप चित्र तयार करून देणारी साधनंही आली आहेत. त्यांचे उपयोग असतील. पण त्यांनी दिलेल्या पहाटेसाठी कुणी पहाटे उठलेलं नसतं. फरक असेल तर तो इथे आहे. ज्यानं नीट बघून काढलं, त्याचं चित्र खरं. मग ते कागदावर असो, काचेवर असो की पडद्यावर.

आता तुमची पाळी

एक सात दिवसांचा खेळ सांगतो. घरातली एक खिडकी निवडा. तिच्यातून दिसणारी एकच गोष्ट ठरवा. आंब्याचा मोहर, पिंपळाची पालवी, समोरची पाण्याची टाकी, काहीही चालेल. रोज ठरलेल्या वेळी दहाच मिनिटं तिचं चित्र काढा. पहिले चार दिवस कागदावर, पुढचे तीन दिवस घरच्या फोनवर. प्रत्येक चित्रावर तारीख आणि वेळ घाला.

फोनवर काढताना दोन नियम पाळायचे. पहिला, मागे नेणारा बाण दाबायचा नाही. रेघ चुकली तर चुकू द्या, तिच्यावरून पुढे जा. दुसरा, काढलेल्या फोटोवरून चित्र करायचं नाही. डोळे खिडकीबाहेर हवेत. सात दिवसांनी सगळी चित्रं ओळीनं मांडा आणि बघा, खिडकी सात दिवस तीच होती का?

आणि आईबाबा, तुम्हालाही एक विनंती. तुमची काळजी खरी आहे. ज्या पडद्यावर रंग आहेत, त्याच पडद्यावर खेळ आहेत आणि न संपणारे व्हिडिओसुद्धा आहेत. म्हणून या दहा मिनिटांपुरता फोन एरोप्लेन मोडवर टाकून द्या. घड्याळ लावा. चित्र झालं की ‘हे फोननं काढलं’ असं म्हणू नका. ‘तुला तिथे हा रंग कुठे दिसला?’ असं विचारा. मूल बोट करून खिडकीबाहेर दाखवायला लागलं की समजा, चित्र त्यानंच काढलंय.

मग काय मित्रांनो, उद्याचा गजर किती वाजताचा लावताय? सूर्याच्या आधी उठायचं हं! आणि हो, दिवा लावू नका.